पोटावरचा पदर

खोकला आला की द्वारकाबाई आधी दोन्ही तळवे पोटावर दाबायच्या, मगच खोकायच्या. हसतानाही तसंच. पनवेलच्या आमच्या हॉस्पिटलात मी तेव्हा सर्जरी वॉर्डाची सिस्टर होते. पहिल्याच दिवशी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पोटाला इचारल्याबिगर आमी खोकत नाय, पोरी."

उरणकडच्या खाडीकाठच्या या कोळीणबाई. निम्मं आयुष्य मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरलेल्या. हर्नियाच्या ऑपरेशनात बसवलेली जाळी दोनदा पिकली, दोनदा काढावी लागली आणि पोटाची भिंतच गेली. मधोमध वीतभर जागी आतड्यांवर नुसती पातळ कातडी उरली होती. पाटी उचलणं सोडाच, बाजारात ओरडायचीही चोरी. त्यांचा खरा जीव त्या ओरडण्यात होता. "गप बसून कोलंबी इकायची, तर ती सडंल नायतर मी सडंन," म्हणायच्या.

आमचे प्लास्टिक सर्जन सबनीस सर यांनी मांडीचं मांस पोटावर आणायचं ठरवलं. संमतीचा कागद घेऊन मी गेले आणि मोठ्या शहाणपणाने सोपं करून सांगितलं, "मावशी, मांडीचं ठिगळ पोटाला लावणार आहेत."

झालं! बाई कॉटवरून उतरून पिशवी भरू लागल्या. "ठिगल? आमच्या जाल्याचा ठिगलच पयला सुटतंय, मना म्हाईत हाय. दोनदा लावलेली तुमची जाली सडली. आता ठिगल नाय!"

ओशाळून मी सरांना बोलावलं. ते स्टुलावर बसले. "मावशी, तुकडा तोडायचा नाही. मांडीचं मांस रक्ताच्या नळीसकट सोडवायचं, कातडीखालून वर ओढायचं आणि पोटावर पसरायचं. रक्त त्याला मांडीतूनच मिळत राहील, म्हणून ते जिवंत राहतं."

द्वारकाबाईंनी खांद्यावरचा पदर पुढे ओढला, पोटावरून घेतला आणि कमरेला घट्ट खोचला. "म्हंजे यो पदर. तुटला नाय, नुसता खोचला. मंग पदर म्हना ना! आना तो कागद."

ऑपरेशन सहा तास चाललं. पुढे रोज मी त्या मांसावर बोट दाबून रंग परततो का पाहायची आणि त्या विचारायच्या, "पदर जित्ता हाय ना?" तिसऱ्या दिवशी एक कड निळसर दिसली आणि मी लगेच सरांना फोन लावला. सरांनी धावत येऊन दोन टाके सैल केले. दुपारपर्यंत कड गुलाबी झाली. "खोचताना जरा जास्तीच आवाललास, डाक्टर," बाईंनी त्यांनाच सुनावलं. त्यानंतर सर नव्या पेशंटला समजावताना हटकून पदरच म्हणायचे, आणि वर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे.

काही महिन्यांनी मी मासळी बाजारात गेले होते. माणूस दिसायच्या आधी आवाज आला, "ताजी सुरमय, ताजी!" गर्दीतून पुढे गेले, तर द्वारकाबाई उभ्या, एका हातात कोयता, दुसऱ्यात सुरमई. मला बघून त्या खदखदून हसल्या आणि हसता हसता त्यांना जोराचा ठसका लागला. माझे दोन्ही हात माझ्याच पोटावर गेले.

त्यांचे मात्र हवेतच होते, कोयता आणि सुरमईसकट.

"तू कशाला पोट धरतंस गो?"