पलीकडच्या बांधणीचे पागोटे
ट्रंक उघडली की आधी वाळ्याचा वास येतो आणि मग ते पागोटे दिसते. मी रत्नागिरीकडचा, देवासला ठराविक मुदतीवर ड्रॉइंग मास्तर म्हणून गेलो होतो. त्या एकाच गावात दोन राजे, रस्ता ओलांडला की राज्य बदले. माझी नोकरी अलीकडे, आणि समोरच्या ओट्यावर बसणारे वृद्ध शेजारी पलीकडच्या दरबारातून पेन्शनीत निघालेले. माझ्या मुदतवाढीचे दसऱ्याच्या दरबारात ठरणार होते. त्या सकाळी मला पागोटे बांधता येईना, तसे शेजारी हसत आले. “लाओ भिया, डोकं इकडे करा,” म्हणत त्यांनी बापाच्या मायेने एकेक पेच बसवला आणि वर वाळ्याचे अत्तर लावले. दरबारात कारभारी माझ्या डोक्याकडेच पाहत राहिले. “मास्तर, ही बांधणी पलीकडची. मुदतवाढही तिकडेच मागा,” ते म्हणाले आणि सारे हसले. मुदतवाढ तिथेच बारगळली. दोन दरबारांच्या पागोट्यांत फरक असतो, हेच मला ठाऊक नव्हते. परतलो तेव्हा शेजारी ओट्यावर वाट पाहत होते. “झालं ना काम?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “मीच नको म्हटलं. आईला माझ्याविना करमत नाही.” निघायच्या दिवशी त्यांनी पुन्हा माझे पागोटे बांधले, अगदी तसेच, आणि म्हणाले, “मोठ्या दिमाखात जा.” मी ते डोक्यावर घेऊनच गाव सोडले. त्याचे पेच मी आजवर उलगडलेले नाहीत. उलगडले तर तसे बांधून द्यायला आता कोणी नाही.