एकशे सात मणी

दवाखान्यात तिला सगळे ‘श्वासबाई’ म्हणत. एक्स-रेच्या खोलीत दिवसभर तिची तीनच वाक्यं चालत: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. घरी तिचा आवाज चढला की नवरा म्हणायचा, “सोड आता.”

फोटो काढण्याआधी पेशंटच्या गळ्यातलं उतरवून ठेवावं लागे. साखळ्या, लॉकेटं, क्रूस ती सरळ हातात घ्यायची. जपमाळ दिसली की मात्र हातमोजे चढवायची आणि ट्रे पुढे करायची, “तुम्हीच ठेवा यात.” बघणाऱ्याला वाटायचं, बाई स्वच्छतेची फार. खरं कारण तिचे वडील होते. एका लहानशा प्रार्थनाघरात त्यांनी चाळीस वर्षं उपदेश केला होता. परक्या देवाची वस्तू घरात नको आणि हातातही नको, हे ऐकतच ती मोठी झाली होती.

एका मंगळवारी दुपारी एक म्हातारे घड्याळजी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सून बाहेर बाकावर बसली होती.

“आजोबा, माळ काढायला लागेल.”

“तुम्हीच काढा बाई. माझा हात खांद्याच्या वर जात नाही.”

तिनं माळ उचलली. गाऊनच्या बंदात ती कुठंतरी अडकली होती, मोज्यांमुळे तिला ते जाणवलंच नाही. तिनं ओढली आणि दोरा तुटला. मणी टपाटप फरशीवर पडून यंत्राखाली, कपाटाखाली, दाराकडे पळाले.

म्हातारबुवांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, “एकशे आठ आहेत. उद्या आत जायच्या आधी एकदा फिरवायची होती.”

“संध्याकाळी आणून देते,” ती म्हणाली. उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर? सून काय म्हणेल? आणि आपण तरी स्वतःला काय सांगणार?

शेवटचा पेशंट गेल्यावर तिनं दार लावलं आणि गुडघ्यांवर बसली. मोज्यांनी मणी उचलता येईनात, निसटायचे. शेवटी तिनं मोजे काढले. टॉर्च लावून, झाडूचा दांडा घालून कानाकोपरा पालथा घातला. मोजले तर एकशे सात. पुन्हा मोजले, तेवढेच. ओवायला दोराही नव्हता. तिनं वॉर्डात फोन करून सकाळी येते असा निरोप दिला आणि मणी डब्यात भरून घरी नेले.

वडील तिच्याकडेच राहत. आता त्यांना चालायला काठी लागे, पण नजर शाबूत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं डबा उघडला आणि तेवढ्यात ते दारात उभे.

“काय आहे ते?”

खोटं बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं घडलं ते सगळं सांगितलं. म्हणाली, “ओवून द्यायची आहे, बाबा. पण हे पाप तर नाही ना? दुपारपासून जीव टांगणीला लागलाय.”

ते खुर्ची ओढून बसले.

“मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बावीस वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “घरी आलो आणि आईची माळ चुलीत घातली. तिच्यादेखत. मला वाटलं, मोठा पराक्रम केला.”

हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

“ती भांडली नाही. पण त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि रोज सकाळी बसली की तिची बोटं रिकामीच हलायची. मी समोर बसून भाकर खायचो.” त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. “येशूला मी सोडलं नाही, सोडणारही नाही. पण ती माळ माझी नव्हती गं. माझी असती तर जाळायची की ठेवायची ते मी बघितलं असतं. दुसऱ्याची वस्तू जाळली, ती चोरीच. आयुष्यभर इतरांना उपदेश केला, पण हे कुणाला सांगितलं नाही.”

“मग ओवू?”

“ओव. जप तुला कुणी करायला सांगितलाय? तुझ्या हातून तुटली, तू जोडून दे.”

“एक मणी कमी आहे. बाजारातून तसाच एक आणून घातला तर त्यांना कळायचं पण नाही.”

“तुला कळेल,” वडील म्हणाले.

सकाळी आठला ती वॉर्डात पोचली. माळ पुढे धरून तिनं एका दमात सांगून टाकलं, “आजोबा, एकशे सातच आहेत. एक सापडला नाही. चूक माझी आहे.”

सुनेच्या कपाळावर आठी पडली. म्हातारबुवांनी माळ बोटांत घेतली, सगळी फिरवली, शेवटचं नाव मण्याशिवाय घेतलं. मग म्हणाले, “घड्याळाचा एक दात मोडला तर घड्याळ बंद पडतं. इथं तेवढी कडक शिस्त नाही.” थोडं थांबून विचारलं, “तुम्ही कुणाला मानता?”

“येशूला.”

“मग त्याला माझं सांगा. आणि ही तुमच्याकडेच ठेवा. आत नेऊ देत नाहीत, आणि सून रडायला लागली की वस्तू हरवते.”

माळ एप्रनच्या खिशात ठेवून ती कामाला लागली. ऑपरेशन बाराला संपायचं होतं. बारा वाजले, एक वाजला. दर दोन पेशंटांमागे ती वर फोन करायची आणि तिकडून एकच उत्तर यायचं, अजून चालू आहे. दीडला एका पेशंटला ‘धरून ठेवा’ म्हटल्यावर ‘सोडा’ म्हणायचंच राहिलं. मधल्या वेळात खिडकीशी उभी राहून तिनं येशूची प्रार्थना केली, आपल्याच शब्दांत. हात खिशात होता. मणी तिनं फिरवले नाहीत, पण हात बाहेरही काढला नाही.

अडीचला सिस्टरचा फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. संध्याकाळी म्हातारबुवा शुद्धीवर आले आणि चष्मा मागू लागले.

माळ तिनं त्याच संध्याकाळी सुनेच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, माळेची गाठ सुटली. ती वर धावली तर माळ चादरीवर सैल पडलेली, मणी मात्र सगळे दोऱ्यात.

“गाठ मारायची पद्धत चुकली तुमची,” घड्याळजी म्हणाले. “बसा. माझी बोटं अजून चालत नाहीत. मी सांगतो तसा दोरा घ्या.”

ती स्टुलावर बसली. दोन वेळा चुकली, तिसऱ्यांदा गाठ बसली. म्हातारबुवांनी ती ओढून पाहिली आणि मान डोलावली.