आईच्या जेवणाची सात दिवसांची फाइल

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. हा मूळचा स्वभाव की नोकरीने लावलेली सवय, ते मलाही सांगता येणार नाही. जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात मी आठ वर्षं डाएट असिस्टंट आहे. आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम कागदावर जे लिहून देतात ते पेशंटच्या ताटात आणि ताटातून पोटात जातंय की नाही, ते बघायचं, एवढंच माझं काम. या आठ वर्षांत मी उशीखाली लपवलेली शेवभाजीची पिशवी पाहिली आहे, सलाइन लावलेल्या हाताच्या मुठीत केळ्याचे वेफर्स पाहिले आहेत. "सकाळपासून काहीच नाही हो ताई पोटात," असं म्हणणाऱ्या एका आबांच्या मिशीला तर बेसन लागलेलं होतं! म्हणून माझा नियम असा की ताट धुवायला जाण्याआधी माझ्यासमोर आलं पाहिजे. त्यात उरलेलं अन्न मी काट्यावर तोलते आणि मगच लिहिते, अमुक इतकं खाल्लं.

आहारशास्त्रात एम.एस्सी. करायचं माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. धुळ्याच्या एका कॉलेजात, नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी दोन जागा असतात. दोन वर्षं मी अर्ज केला आणि दोन्ही वेळा यादीत माझं नाव नव्हतं. पहिल्या वेळी वाटलं, असेल बाई. दुसऱ्या वेळी मात्र माझी खात्रीच झाली की पाणी कुठंतरी मुरतंय. ज्यांना जागा मिळाल्या त्यांची आडनावं मी कॉलेजच्या शिक्षकांच्या आडनावांशी ताडून पाहिली. काही जुळलं नाही, तरी माझा संशय काही गेला नाही. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्यावरही मी संशय घेतला होता, बिचाऱ्यावर.

या वर्षी मात्र गळ्याशी आलं होतं. आमच्या मॅडम निवृत्त होणार होत्या. दवाखान्याने मला स्पष्ट सांगितलं होतं, "प्रवेश मिळाला असेल तर त्यांची जागा तुमच्यासाठी ठेवू. नाही तर बाहेरून माणूस घ्यावा लागेल." म्हणजे कालची शिकलेली एखादी पोरगी येणार आणि आयुष्यभर मी तिच्या हाताखाली ताटं तोलत बसणार. नुसत्या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा मुलाखतीच्या वेळी एक फाइल मागितली होती: कुठल्याही एका व्यक्तीच्या आहाराची सात दिवसांची नोंद, प्रत्येक पदार्थ तोलून, आणि सोबत रोजची दोन वेळची शुगर. मी म्हटलं, बाहेर कशाला जायचं? घरातच शुगरचा पेशंट आहे. वडील गेल्यावर साक्रीकडचं घर बंद करून आई माझ्याकडे जळगावातच पिंप्राळ्याला राहायला आली होती. आम्ही दोघीच. तिची सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती. शिवाय आईची नोंद म्हणजे घरचा कारभार, फसवाफसवीचा प्रश्नच नाही, असं मला वाटलं.

सोमवारी सुरुवात केली. सकाळी कामावर जाण्याआधी मी आईचा दुपारचा डबा तोलून भरायचे. दीड भाकरी, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, काकडी. संध्याकाळी आले की ओट्यावर डबा लख्ख धुऊन पालथा घातलेला असायचा. मी वहीत लिहायचे: संपूर्ण खाल्लं. मग सकाळसारखंच पुन्हा तिचं बोट टोचायचे आणि आकडा टिपायचे.

सोमवारचा आकडा वाईट आला, मंगळवारचा त्याहून वाईट. माझं डोकं सणकलं. वही टेबलावर आपटून मी म्हटलं, "असले आकडे बघून कोण घेणार मला? यंदा नाही झालं ना, तर संपलं सगळं. बसते मग दुसऱ्यांची खरकटी तोलत."

आई मेथी निवडत होती. "काय जास्त शे का व?" तिने विचारलं.

"जास्त? डोंगराएवढी आहे!"

मग दोघी स्वयंपाकाला लागलो.

बुधवारी संध्याकाळी आकडा एकदम सुंदर आला, पुस्तकात छापावा तसा. मी खुश व्हायला हवं होतं, पण आठ वर्षांची सवय. मी मशीन बदलून पाहिलं, पट्टी बदलून पाहिली, तरी तेच. मग गुरुवारी तोच आकडा धाडकन वर. शुक्रवारी पुन्हा वर. डबा तोच, भाकरी तीच, गोळी तीच. म्हणजे मधल्या वेळेत काहीतरी तोंडात जातंय, दुसरं काय?

मग मी घरातच तपास सुरू केला. लिहायला लाज वाटते, पण खरं ते सांगते. गुळाच्या डब्याचं झाकण काढून पाहिलं, खडा कमी झाल्यासारखा वाटला. पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं मोजली. कचऱ्याची बादली उलटी करून कागद शोधले. आईच्या लुगड्याच्या घडीतसुद्धा हात घातला. आई ओसरीत बसून सगळं बघत होती.

"काय हुडकस?" तिने विचारलं.

"काही नाही. तू आज दुपारी कुठे गेली होतीस?"

"कोठेच नही."

"चौकात?"

"दूध लेवाले गयथू." एवढं म्हणून तिने मान फिरवली. मी मनात म्हटलं, सापडली. आमच्या वॉर्डातले पेशंट अशीच मान फिरवतात.

शेजारच्या काकूंनी त्यात तेल ओतलं. म्हणाल्या, "तुझी आई कालपण दिसली मला, मिठाईच्या दुकानात. बाकड्यावर बसून जिलेबी खात होती." झालं! माझं रक्त उसळलं. माझ्या भविष्याचा प्रश्न, आणि ही जिलेबी खाते? बाहेरच्यांनी मला दोनदा डावललं, आता घरातलं माणूसही उठलं का माझ्या मुळावर? मी त्या रागात रडलेसुद्धा. बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

शनिवारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि तिला काही न सांगता दुपारी चौकात जाऊन औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. मिठाईचं दुकान समोरच होतं. शेठ मूळचे राजस्थानचे, पण पिंप्राळ्यात दोन पिढ्या झालेल्या. आमची तोंडओळख होती. साडेतीन-चारच्या सुमारास आई आली. रस्ता ओलांडला, दुकानाच्या बाकड्यावर बसली आणि शेठनी न मागता जिलेबीचा द्रोण तिच्या हातात दिला. न मागता! म्हणजे रोजचंच गिऱ्हाईक.

मी तीरासारखी गेले. चार माणसं उभी होती, त्याचंही भान राहिलं नाही. "लाज नाही वाटत?" मी ओरडले. "मी सकाळी उठून तुझी भाकरी तोलते आणि तू इथे बसून माझ्या आयुष्याची वाट लावतेस? आणि शेठ, तुम्हीसुद्धा! माहीत नाही का तिला शुगर आहे?"

आईने जिलेबी खाली ठेवली नाही. हात लटपटत होता तिचा. शेठ काउंटरमागून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "ताई, ओरडा नंतर. आधी अक्कांना खाऊ द्या. माझ्या आईलापण शुगर होती, मला घाम बघून कळतं. परवा इथे रस्त्यातच कोसळल्या असत्या. आज तिसरा दिवस आहे."

तेव्हा मी आईकडे नीट पाहिलं. आठवडाभर तिचं बोट टोचत होते, पण तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. कपाळ ओलं, ओठ पांढरे, पोलक्याची पाठ भिजलेली. मशीन माझ्या पर्समध्ये होतं. बोट टोचलं. जिलेबीचे दोन घास पोटात जाऊनही आकडा साठच्या खाली होता. शुगर वाढलेली नव्हती, पार तळाला गेलेली होती. सकाळची गोळी घ्यायची आणि दुपारी जेवायचं नाही, असं केलं की हे होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे माहीत असतं.

"दुपारी जेवली नाहीस का तू?" मी विचारलं.

तिने हातातला जिलेबीचा घास संपवला. मग म्हणाली, "अर्धी भाकर खादी."

"आणि उरलेली?"

"गायले दिधी."

"रोज?"

"बुधवारपाइन." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तूच म्हनलीस ना, आकडा जास्त शे म्हनून तुले कोनी घेवाऊ नही. मी म्हनं, कमी खासू तं कमी यी."

मी तिथेच बाकड्यावर बसले. शेठनी मलाही पाणी दिलं. बुधवारचा सुंदर आकडा अर्ध्या पोटाचा होता आणि गुरुवार-शुक्रवारचे चढे आकडे या जिलेबीचे. दवाखान्यात परक्या माणसाचं ताट माझ्यासमोर आल्याशिवाय मी धुवायला जाऊ देत नाही, आणि घरी धुतलेला डबा बघून मी सात दिवस 'संपूर्ण खाल्लं' लिहिणार होते. डबा धुतल्याशिवाय ठेवला तर ती कसली साक्रीकडची बाई? मला हे कळायला हवं होतं. पण माझा सगळा संशय एकाच दिशेने धावत होता: माणूस जास्त खातो आणि लपवतो. कुणी कमी खाऊन लपवत असेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. ते शिरलं एका मिठाईवाल्याच्या डोक्यात.

डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ नीट लावून घेतली. मंगळवारी मुलाखत होती आणि फाइल नव्याने करायला सात दिवस नव्हते. रविवारी सकाळी वही उघडून बसले तेव्हा मनात आलं ते सांगते. बुधवारचा आकडा सुंदर होताच. तसेच अजून तीन लिहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पेन उचललंही होतं. आई आत भाकरी थापत होती, तिचा आवाज येत होता. मी बुधवार ते शनिवार अशा चारही पानांवर लाल शाईने लिहिलं: 'ही नोंद खोटी आहे. चूक नोंद घेणाऱ्याची.' खाली घडलेलं सगळं लिहिलं, चौकातलं ओरडणंसुद्धा.

धुळ्याच्या एसटीत बसल्यावर पारोळ्यापर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकीच्यांच्या फायली रंगीत आलेखांच्या, गुळगुळीत कव्हरच्या. एक मुलगी शिपायाशी हसून बोलत होती. मी लगेच मनात म्हटलं, हिचं ठरलेलं दिसतंय.

आत दोघं होते, एक सर आणि एक वयस्कर मॅडम. मॅडमनी लाल पानं वाचली आणि पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "लपवलं तुमच्या आईने. मग चूक तुमची कशी?"

मी तयार केलेलं उत्तर विसरले. म्हटलं, "मॅडम, मी तिला सात दिवसांत एकदाही विचारलं नाही की पोट भरलं का. शुगर किती, एवढंच विचारत होते. तिला वाटलं, मला तेवढंच हवंय."

सरांनी काहीतरी लिहून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "या तुम्ही." बस्स, एवढंच. परतीच्या वाटेवर मी पक्कं ठरवून टाकलं होतं की गेलं हेही वर्ष.

यादी पंधरा दिवसांनी मोबाइलवर आली. नोकरीवाल्यांच्या दोन नावांत दुसरं माझं होतं. नाव, आडनाव, अर्ज क्रमांक, सगळं मी तीनदा ताडून पाहिलं. कॉलेजला फोन लावून खात्री केली. तिकडचे क्लार्क वैतागून म्हणाले, "अहो ताई, तुमचंच आहे, आता अजून काय पाहिजे?"

मी धावत आत गेले. आई जेवायला बसत होती. "आई, झालं! मिळाली जागा!"

तिने दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं, बोटं कानशिलावर मोडली. डोळे पुसले. मग पाटावर बसली, समोरच्या तोललेल्या दीड भाकरीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मंग आते माले पोटभर जेवू देशी ना?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. हसायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने घास मोडला नव्हता. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.