एक डेसिबल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, एका सभागृहात तीस वर्षं आवाजाचं काम बघत होते. तिथे मदतनीस म्हणून मला चिकटवलं तेही त्यांनीच. उपकार होतेच; पण उपकारापोटी माणसाने रोज किती ऐकून घ्यायचं? "तुझे कान म्हणजे चष्मा अडकवायची सोय," हे त्यांचं माझ्याबद्दलचं आवडतं वाक्य. चारचौघांतही म्हणायचे. ताई हसायची, मग मीही हसायचो.

पण त्यांना कान होता, हे कबूल करायलाच हवं. शेवटच्या रांगेत उभे राहून सांगायचे, "उजव्या स्पीकरपुढचा पडदा कुणी सरकवलाय?" जाऊन बघावं तर सरकलेला असायचा. तालमीनंतर गाणारी मंडळी आधी दाजींच्या मानेकडे बघायची. ती हलली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. घरी ताईच्या चार हाकांना हा माणूस ओ द्यायचा नाही, पण आतल्या खोलीतल्या रेडिओचं स्टेशन जरासं हललं की उठून ते नीट लावून यायचा.

त्यांनी मला एक गोष्ट मात्र घोटून घोटून शिकवली. दोन मिक्सर, म्हणजे माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे सोडणारी यंत्रं, ताडून बघायची तर आधी दोन्हींच्या आवाजाची पातळी मीटरवर जुळवायची. "एक डेसिबल जास्त असला ना, तर तो मोठा वाटत नाही रे, चांगला वाटतो. भले भले इथेच फसतात." हे जुळवण्याचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

जुना मिक्सर थकला आणि डिजिटल घ्यायचं ठरलं. एक मोठा आणि एक लहान असे दोन मिक्सर चाचणीसाठी आले. दाजींनी आठवडाभर ऐकून निकाल दिला, लहान नको. "भरगच्च गाण्यात झाकून जातं. पण सूर हळूहळू विरायला लागला की शेवटी खरखरतं. त्याची शेपटी कुजकी आहे." व्यवस्थापकसाहेबांना नेमका लहानच हवा होता. दाजी भर बैठकीत म्हणाले, "साहेब, तुम्ही खुर्च्यांचं बघा, आवाजाचं मी बघतो." झालं! त्या दिवसापासून साहेबांच्या डोळ्यांत मिक्सर राहिला बाजूला, दाजींचा कानच खुपायला लागला.

दोन दिवसांनी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. "पडद्याआडून ऐकवू त्यांना. दोन्ही वेळा लहानच लाव, दुसऱ्यांदा एक डेसिबल चढव. जरा गंमत."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. नोकरीची धमकी नव्हती, आमिषही नव्हतं. मला ती गंमत बघायची होती, एवढंच. वीस वर्षांचा चष्मा माझ्या कानात सलत होता.

दुपारी सगळे जमले. दिवेवाला आला, तिकीट खिडकीवरच्या बाई आल्या, झाडू टेकवून सफाईवालाही उभा राहिला. दाजी मधल्या रांगेत बसले आणि मला म्हणाले, "पातळी जुळव रे." एरवी ते उठून स्वतः मीटर बघायचे. त्या दिवशी उठले नाहीत. घरचा माणूस आहे म्हणून माझ्यावर सोडलं.

तुकडा साहेबांनी निवडलेला होता, एका बाईंच्या गाण्याचा, कुठे विरतच नाही असा. तो दोनदा वाजला.

"पहिलं सपाट आहे," दाजी म्हणाले. "भिंतीला टेकून गातेय बाई. दुसऱ्यात ती पुढे आली, श्वास ऐकू येतोय. दुसरा मोठा मिक्सर. यात वादच नाही."

साहेबांनी पडदा ओढला. मोठ्या मिक्सरची वायर जमिनीवर गुंडाळून ठेवलेली होती. साहेब हसले, मग सगळेच हसले. कशाला हसायचं हे ज्यांना कळलं नव्हतं तेही हसले.

दाजी हसणं संपेपर्यंत थांबले. मग मला विचारलं, "पातळी जुळवली होतीस?"

मी 'नाही' म्हणालो असतो, तर हसणाऱ्यांची तोंडं तिथेच बंद झाली असती. दाजींनी फरक ओळखला होता आणि फरक खराच होता. फक्त तो मिक्सरचा नव्हता, माझ्या बोटाचा होता.

"हो, दाजी," मी म्हणालो.

"मग माझाच कान गेला," ते म्हणाले आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

लहान मिक्सर आला. दाजी आता मिक्सरच्या स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्या बघून आवाज लावायचे, कानाने नाही. ताईने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वयाच्या मानाने कान उत्तम, असं डॉक्टर म्हणाले. दाजींना ते पटलं नाही. "घरात रेडिओसुद्धा लावू देत नाहीत रे," ताई मला म्हणाली. "काय झालंय त्यांना?" मी म्हणालो, "वय झालं." जीभ झडली नाही माझी.

चार महिन्यांनी एका दुपारच्या कार्यक्रमात एका गायकाने सूर लांबवून हळूहळू सोडला. दाजींचं बोट वर गेलं. "खरखर," ते पुटपुटले आणि माझ्याकडे वळले. "तुला येतेय का ऐकू?" वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या कानाला काही विचारलं होतं. मला खरंच काही ऐकू आलं नाही. तसं मी सांगितलं. त्यांनी बोट खाली घेतलं. "मग नसेल."

दुसऱ्या दिवशी मी त्याचं रेकॉर्डिंग आवाज चढवून ऐकलं. सूर विरत होता तिथेच खरखर होती, अगदी स्पष्ट. मी धावत दाजींकडे गेलो. हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. मांडीवरचं बोट किंचित उचललं गेलं, मी पाहिलं. मग त्यांनी हेडफोन काढला.

"पातळी वाढवलीस?"

"हो. पण दाजी, खरखर आहे, तुमचंच..."

"वाढवली की माणसाला हवं ते ऐकू येतं. मीच नाही का शिकवलं तुला?" त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला. "पण विचारलं की खरं सांगतोस, हे बरं आहे. माझ्या कानावर आता विसंबता येत नाही. तुझ्यावर तरी येतं."

मी मान हलवली आणि हेडफोनची वायर गुंडाळायला लागलो.