अर्धा गिला वडा

जवस भाजल्याचा वास आला की मला अमरावतीचा परकोट, म्हणजे गावाभोवतीची ती जुनी दगडी भिंत आठवते. मी पुण्याहून आलेली नवी शिक्षिका होते. शाळेतले इतिहासाचे म्हातारे गुरुजी एका रविवारी आम्हा चौघी नव्या बायांना परकोट दाखवायला निघाले. पेंढाऱ्यांच्या भीतीने गाव भिंतीआड कसं बसलं, हे ते असं सांगत की आम्ही दचकून मागे पाहायचो. खाऊ घालण्यात मात्र भलते चिक्कू! वेशीपाशी दह्यातला गिला वडा घेतला, तोही दोघींत एक. "पोटात जागा राहू द्या बाई, अजून एक घर बाकी हाये," एवढंच म्हणाले. दोन तास उन्हात चालून पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा ते भिंतीलगतच्या एका मातीच्या घरात शिरले. आत बुद्धाची नवी तसबीर होती. "माह्या सासऱ्याच्या आज्यानं या भिंतीचे दगड वायले," चुलीपुढची म्हातारी म्हणाली, "बसा, गरम भाकर करून राहिली मी." अशा घरी 'पोट भरलंय' म्हणून उठायचं, हे आम्हाला माहेरीच शिकवलेलं. मी तोंड उघडलंही, पण गुरुजी शांतपणे माझ्याकडे बघत होते आणि पोट तर सगळ्यांना ऐकू जाईल असं गुरगुरलं. मी मुकाट्याने बसले आणि जवसाच्या चटणीशी तीन भाकरी खाल्ल्या. आता म्हातारीची नातसून भाकरी करते. पाहुणे आले की मी त्यांना परकोट दाखवते, आणि वडा दोघांत एकच घेते.