बुढ्यायची बैठक

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. वडील आंधळगावला हातमागावर लुगडी विणायचे. प्राचीन इतिहास घेऊन पदवी मिळवली तेव्हा लोकांनी विचारलं, "याचं करशीन काय?" वर्षभरात मला काम मिळालं आणि लोक गप्प झाले. एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. आसगावकडचा मुरमाचा रस्ता रुंद करून डांबरी व्हायचा होता. त्याआधी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पायी हिंडून जुने दगड, टेकाडं, विटा, खापरं जे दिसेल ते मोजायचं आणि कागदावर आणायचं, हे माझं काम. काम हंगामी होतं, पण मला लोक 'साहेब' म्हणायचे आणि ते मला आवडायचं.

एका गावाबाहेर मोठमोठ्या गोट्यांचं एक रिंगण लागलं. अर्धे गोटे जमिनीत गेलेले, दोन मात्र माणसापेक्षा उंच. अशी रिंगणं मी पुस्तकात पाहिली होती. फार जुन्या काळच्या लोकांनी आपली मेलेली माणसं अशा रिंगणात ठेवली. गावात त्याला 'बुढ्यायची बैठक' म्हणत. शेंदूर नाही, नारळ नाही. मी विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "देव थोडी होय ते! माणसंच होत. बसले आहेत."

गावातलं कोणीही तिथून जाताना मोठ्यानं बोलायचं, "मी होय जी, बजाराले चाल्लो." "मी होय, बैल पाह्यले जाऊन राहिलो." लहान पोरंसुद्धा. मी कधी बोललो नाही. माझ्याबरोबर मापाची फीत धरायला गावातलाच एक गडी होता. तो मला टोमणा मारायचा, "सरकारी माणसाले कोण विचारते बाप्पा! पण साहेब, जो सांगून जात नाही त्याले ते बुढे आपल्यातलाच समजतात."

"समजू दे," मी म्हणालो.

अडचण वेगळीच होती. रस्त्याच्या एका अंगाला बैठक, दुसऱ्या अंगाला एका विधवा म्हातारीची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत. धानाची तेवढीच एक. धान निघाल्यावर त्यात लाखोळीची डाळ पेरलेली होती, निळ्या फुलांवर आलेली. रस्ता रुंद होणार म्हणजे दोन्हींतलं एक जाणार. बांधकामवाले माझ्या कागदासाठी थांबले होते. रिंगण जपण्याजोगं आहे असं मी लिहिलं, की नव्या रस्त्याची चुन्याची रेघ म्हातारीच्या बांधीतून जाणार. हे तिला माहीत होतं. रोज ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून मला मोजताना पाहायची.

एका दिवशी काम लांबलं. गडी सायकल घेऊन पुढे गेला. ऊन उतरलं होतं, बांधीवर धुकं धरू लागलं होतं. मी उंच गोट्यामागे उकिडवा बसून शेवटचं माप घेत होतो. फितीचं टोक पायाखाली दाबलेलं, पेन्सिल दातांत. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "मी होय जी."

म्हातारी होती. एरवी बोलून लोक पुढे जातात. ती थांबली.

"एक पुसतो. तुमाले हलवलं तं माही बांधी राह्यते. तुमाले ठेवलं तं बांधी जाते. पोटाले तेवढीच आहे जी. मी काय करू, सांगा."

मी उठलो नाही. एकदम उभा राहिलो असतो तर बुढी जागीच मेली असती. पण उत्तर माझ्या मनात आलं होतं, कागदावरच्या भाषेत नाही, आंधळगावच्या बोलीत: हे तुह्याआधीचे होय, बाई.

गोट्यांच्या फटीतून ती मला दिसत होती. तिनं मान कलती केली, जसं कोणी हळू बोलतं आहे आणि ऐकायला कष्ट पडताहेत. मग ती म्हणाली, "हाव." थोडं थांबली. "हाव जी." आणखी थांबली. "बरं." आणि निघून गेली. मी हात टेकून उठलो. थंडीचे दिवस, दिवसभर सावलीत असलेली गोट्याची ती बाजू, पण गोटा कोमट होता. तो कोमट का, याचं उत्तर पदवीत नव्हतं.

सकाळी चावडीसमोर तिनंच सांगितलं, "बांधी घ्या. त्यायनं मले सांगतलं."

तिचा मुलगा उसळला. "कोनं सांगतलं?"

"आतून. म्हणे, आमी तुह्याआधीचे होय, बाई."

मुलगा माझ्याकडे वळला. "साहेब, तुमची फीत काल तिथंच होती. तुमीच बोलले!"

"आत मी होतो," मी म्हणालो. "पण दातांत पेन्सिल होती. तोंड उघडलं नाही."

"मंग मुकेपणानं बोलले असान!" कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. मुलगा हसला नाही. मीही नाही.

कागद मी जसा लिहिणार होतो तसाच लिहिला. रस्ता वळला. बांधीतली बरीच जागा गेली, एक चिंचोळी पट्टी उरली.

पाच-सहा वर्षांनी माझी नोकरी पक्की झाल्यावर एसटीनं त्या बाजूला जाणं झालं. डांबरी वळण आलं तशी मी गाडी थांबवायला लावली आणि उतरलो. म्हातारी त्या पट्टीत लाखोळी उपटत होती. मला तिनं लगेच ओळखलं.

"बाई, त्या दिवशी आवाज कसा होता?" मी विचारलं.

ती कंबर धरून सरळ झाली. "कसा म्हणजे? तुमचाच तं होता."

"मी बोललो नव्हतो."

"मी कुठं म्हणतो बोलले? आवाज तुमचा होता. बोलले ते."

परतीची गाडी गाठायची होती. गोट्यांजवळून जाताना मी थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, "मी होय जी. आंधळगावले चाल्लो."

मागून म्हातारीचं हसणं ऐकू आलं. "आता कायले सांगता जी?" ती म्हणाली. "घरचा माणूस सांगून जाते का?"