हकीमचाचा आणि बेगमसाहेबांची हिरवी गाडी

मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ब्रेकवर दोन्ही पाय दिले तरी गाडी थांबेना. आम्ही दौलताबादचा घाट उतरत होतो. मी मागं डिकीत होते. त्या गाडीची डिकी सामानाची नव्हती, झाकण उघडलं की माणसाला बसायला सीट व्हायची. तिथून मला सगळं दिसत होतं. मालकांची ताठलेली मान, त्यांच्या डावीकडं चाचांची पांढरी टोपी आणि पुढं वळणावर आडवी आलेली कडब्याची बैलगाडी. चाचांनी हँडब्रेक ओढला. वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि दांडा त्यांच्या हातात सैल पडला.

मालक ओरडले, "चाचा, ब्रेक लागंना!"

चाचा म्हणाले, "मालूम है."

तेवढंच म्हणाले आणि त्यांनी स्टिअरिंगला हात घातला.

त्यांना आधीच कसं मालूम होतं ते सांगायचं तर चाचा कोण होते ते सांगावं लागेल.

औरंगाबादेत माझ्या वडिलांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि दुकानासमोर चाचांची पत्र्याची शेड. मी चौथीच्या पुढं शिकले नाही. गाड्यांचं मला जे काही कळतं ते ओट्यावर बसून शेडकडं बघत शिकले. चाचा दुरुस्ती करायचे, पण गावात त्यांचं नाव होतं ते जुनी गाडी पारखण्यासाठी. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, जहागिऱ्या गेल्या आणि नवाबांच्या, जहागीरदारांच्या विलायती गाड्या एकेक करून विकायला निघाल्या. घेणारे नवे होते. कोणी वकील, कोणी जिनिंगवाला, कोणी बागाईतदार. त्यातल्या कोणाला गाडीतलं काही कळत नव्हतं, हौस तेवढी होती. ते चाचांना घेऊन जायचे. चाचा गाडीजवळ गेले की बोलायचे नाहीत. नाडी बघावी तसा आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. म्हणून लोक त्यांना हकीम म्हणायचे.

बॉनेट कोमट लागलं तर ते तिथूनच परत फिरायचे. "सकाळी सकाळी हिला गरम कशाला केली? सर्दी झाली होती का?" असं मालकाला विचारायचे. गार गाडी पहिल्यांदा सुरू होताना जो आवाज करते तोच खरा, असं त्यांचं मत होतं. "गरम इंजन झूट बोलता है, बेटा. माणूस बी दुपारी खोटं बोलतो. झोपेतून उठवून विचार, खरं सांगतो."

मग ते गाडी दोन हात पुढं ढकलायला लावायचे आणि गाडी सोडून खालची जमीन बघायचे. तेलाचा डाग किती, ताजा किती, शिळा किती. लोक रंगाकडं, दिव्यांकडं, कातडी गादीकडं बघत असायचे आणि चाचा उकिडवे बसून माती हुंगायचे. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांवरून फिरवायचे. चिकटलं नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालच्या पेडलचं रबर बोटानं चाचपायचे. मीटरवर थोडे मैल आणि रबर झिजलेलं असलं की हसायचे. "मीटर फिरवता येतं, रबर नाय फिरवता येत."

त्यांची पारख सांगायची रीतही त्यांचीच होती. ते तोंडानं कधी सांगायचे नाहीत. गाडी बघून झाली की विकणारा चहा मागवायचा. गाडी चांगली असेल तर चाचा चहा घ्यायचे, बशीत ओतून, फुंकर मारत, अर्धा अर्धा तास. गाडी वाईट असेल तर पोटावर हात ठेवून म्हणायचे, "आज पेट ठीक नै." ज्याचं प्यालो त्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामुळं चहा आधी घ्यायचाच नाही, आणि घेतला की मग जीभ बांधलेली. सगळ्या गावाला हे माहीत होतं. एका आठवड्यात चार ठिकाणी त्यांचं पोट बिघडलं तेव्हा चाची शेडसमोर येऊन कमरेवर हात ठेवून बोलली, "लोगां समजते मैं जहर पका के खिलाती!"

एका वकिलांनी चाचांचं पोट बिघडूनसुद्धा लांब नाकाची एक गाडी घेतली. पहिलीच गाडी आणि तीही शर्यतीची. चाचा त्यांना आधी म्हणाले होते, "वकीलसाब, पहले साल कोई सीधी गाडी चलाव. आणि हिचे पार्ट कुठं मिळतात ते आधी विचारा, मग हिच्यावर प्रेम करा." वकिलांनी ऐकलं नाही. तीन महिन्यांत गिअरचा दात तुटला, आणि तो दात विलायतेहून यायचा होता. गाडी अंगणात उभी राहिली. वर्षानं चाचा त्या गल्लीतून जाताना मी माझ्या आईबरोबर मागं होते. चाचांनी विचारलं, "कैसी है गाडी?"

"चांगली हाये, अंडी देती," वकिलांची बायको आतून म्हणाली. गादीवर कोंबड्या बसल्या होत्या.

सगळ्यात जास्त ते बोलायचे थांबण्याबद्दल. "पळतात सगळ्याच. थांबते कोण ते बघ." आणि दुसरं, उभ्या गाडीबद्दल. ही गाडी कमी पळालेली आहे, नुसती उभी होती, असं विकणारा अभिमानानं सांगायचा, तेव्हा चाचांचा चेहरा उतरायचा. उभी गाडी आतून जाते. रबर वाळतं, पेट्रोल टाकीत कुजतं, ब्रेकच्या तारा आपल्या नळीत गंजतात आणि बाहेरून चकाकत राहतात. "पळालेली गाडी थकते. उभी गाडी मरते, आणि सांगत नाही."

माझं लग्न करमाडकडं झालं. सासर बागाईतदार. मालकांना गाड्यांचं वेड होतं. पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांच्या कानावर आलं की एक बेगमसाहेब हिरवी दोन सीटची बिनछताची गाडी विकणार आहेत. नवाबसाहेब वारले होते, मुलं कराचीला गेली होती, हवेलीत बेगमसाहेब आणि एक म्हातारी नोकराणी. गाडी तेव्हापासून उभीच होती. मीच मालकांना म्हटलं, "आमच्या चाचांना दाखवा." हे मीच म्हटलं.

मला तेव्हा माहीत नव्हतं की चाचा शेड टाकण्याआधी त्याच हवेलीत वीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांचा निकाह त्याच अंगणात झाला होता.

आम्ही गेलो. पुरुष बाहेर ओसरीत बसले, मला आत बेगमसाहेबांजवळ बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बसवलं. पडद्यातून अंगण दिसत होतं. गाडी सुंदर होती, खोटं कशाला सांगू. बुटकी, गोल पाठीची, कैरीसारखी हिरवी. मी डिकीची ती उघडी सीट पाहिली आणि माझं मन तिथं जाऊन बसलं. चाचांनी बॉनेटवर हात ठेवला. जमीन बघितली. जमीन कोरडी होती, कारण गाडीत गळायला काही उरलंच नव्हतं. ते गाडीखाली झोपले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाहेर आले तेव्हा बेगमसाहेब उठल्या. नोकराणीला बाजूला सारून त्यांनी स्वतः चहा ओतला आणि पडद्याखालून कप पुढं सरकवला. त्यांना चाचांच्या नियमाचं काही ठाऊक नव्हतं. जुना माणूस घरी आला, त्याला चहा दिला, एवढंच. म्हणाल्या, "तुमच्या हाताखालची गाडी आहे. चांगल्या घरी जातेय ना?"

चाचा कपाकडं बघत राहिले. पोटावर हात ठेवला नाही. त्या घरात त्यांना तसं म्हणता आलं नसतं. त्यांनी कप उचलला आणि उभ्यानं, बशी न घेता, कढत चहा काढा प्यावा तसा एका दमात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालकांनी मांडीवर थाप मारली. "झालं तर मग!"

मी लहानपणापासून चाचांना चहा पिताना पाहिलेलं. तो चहा नव्हता, हे मला तिथंच कळलं. परत येताना मालक एवढे खुशीत होते की गुणगुणत होते. सांगावं असं माझ्या दोनदा मनात आलं. सांगितलं नाही, कारण मला त्या डिकीत बसायचं होतं. याला दुसरं कारण नाही. नवी सून होते, बोलायची सोय नव्हती, वगैरे मी नंतर लोकांना सांगितलं आहे. ते खोटं आहे.

चाचा दुसऱ्या दिवशी मालकांना म्हणाले, "जावईबापू, गाडी पंधरा दिवस माझ्या शेडमध्ये ठेवा. मी तारा बदलतो."

"का? काय खराबी हाये का?"

चाचा फडक्यानं हात पुसायला लागले.

"चाचा, तुम्ही चहा प्यालात ना?"

"हौ. प्यालो."

"मग?"

चाचा म्हणाले, "पंधरा दिवस नाय तर नाय. पण मी सोबत येणार."

आणि ते आले. मालक गाडी बाहेर काढायचे तेव्हा चाचा औरंगाबादहून येऊन आधीच फाटकाशी उभे असायचे. डावीकडं बसायचे, एक हात हँडब्रेकवर. सपाट रस्त्याला काही झालं नाही. ब्रेक लागत होते, थोडे उशिरा लागत होते. मालक त्यांची चेष्टा करायचे, "चाचा, तुम्हाला बी हौस लई!" चाचा हसायचे. हसताना ते रस्त्यावरची नजर काढत नसत.

नवी गाडी भद्रा मारुतीला न्यायची म्हणून आम्ही खुलताबादला गेलो. मला डिकीत बसवलं. वाऱ्यानं पदर डोक्यावर ठरत नव्हता आणि मी हसत होते. त्यानंतर मी पुन्हा तशी हसले नाही. मालक नारळ फोडायला आत गेले. चाचा गाडीजवळ थांबले होते, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तू जावईबापू को कुछ बोली क्या?"

मला कळलं ते काय विचारताहेत. मी म्हटलं, "काय, चाचा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कुछ नै," म्हणाले आणि चाकांपुढं लावलेला दगड काढायला वाकले.

निघताना त्यांनी मालकांना एवढंच सांगितलं, "पहिल्या गिअरात उतरा. ब्रेकला हात... पाय लावू नका." मालकांनी अर्धा घाट ऐकलं. मग गिअर बदलला.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे. उजवीकडं दरी, समोर बैलगाडी, डावीकडं डोंगर. चाचांनी स्टिअरिंग स्वतःकडं ओढलं आणि गाडीची डावी बाजू खडकावर गेली. लोक म्हणतात, त्यांनी स्वतःवर घेतलं. मी असं म्हणत नाही. दुसरी बाजूच नव्हती. पण शेवटच्या क्षणी माणूस हात सोडून तोंड झाकतो, ते त्यांनी केलं नाही, एवढं मी पाहिलं. मग मी उडाले आणि सीताफळांच्या झुडपात पडले.

महिन्याभरानं मी चाचीकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "चाची, मला दिसलं होतं. ते उभ्यानं प्याले होते."

चाचीनं वर पाहिलं नाही. खडा बोटानं बाजूला काढत म्हणाली, "मालूम. उस दिन घर आ के बोले, परदे के पीछे अपनी मुन्नी थी. उसने देखा. मेरी जबान बंद है, वो बोल देगी."

मी बसून राहिले. तिनं मला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. तांदूळ निवडून झाल्यावर ती आत गेली, आणि मी उठले.

भूतखेत मी मानत नाही. पण गाडी उताराला लागली की आजही माझ्या कानाशी कोणीतरी हळू विचारतं, बोली क्या? एसटीत ऐकलंय, जीपमध्ये ऐकलंय. घरच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर मी पोरासोरांना बसू देत नाही, मी बसते. मध्यंतरी नातवानं फोनवर फोटो दाखवला. पुण्याला कोणाची तरी जुनी परदेशी स्पोर्ट्स कार विकायला आहे, अगदी कमी पळालेली. मी त्याला विचारलं, "किती वर्षं उभी होती?" त्याला माहीत नव्हतं. मग मी त्याला सगळं सांगितलं. सकाळी गार असताना बघायला जा. मालकापेक्षा चालवणाऱ्याला भेट. पार्ट कुठं मिळतात ते आधी विचार. ब्रेक स्वतः बघ. आणि ज्याला पारखायला नेशील त्याला सगळ्यांदेखत विचारू नको, एकट्याला गाठून विचार. तो म्हणाला, "आजी, तुला हे कुठून कळतं?" "ओट्यावर बसून," मी म्हटलं आणि फोन त्याला परत दिला.

मालकांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते चाचांना दोष द्यायचे, प्रेमानंच, पण द्यायचे. "एवढा जाणता माणूस, एकदाच चुकला," असं म्हणायचे. मी भाकरी थापत ऐकायचे.

गाडीत आम्ही तिघं होतो. चाचा खडकापाशीच गेले. मालकांचा पाय गुडघ्यापासून अधू झाला, पण ते पुढं तीस वर्षं जगले. मला खरचटलंसुद्धा फारसं नाही.